पंचवीस पॉइंट होते, तरी गेम का गेली?

ब्रिजच्या या वेळच्या बहुतेक पत्रांचा सूर एकच आहे, गेमपर्यंत (म्हणजे मोठा बोनस देणाऱ्या बोलीपर्यंत) जायचं की थ्रीवरच थांबायचं, म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी बाजूला ठेवलेत. नवीन वाचकांसाठी एवढंच सांगते, बोली इंग्रजीत आणि पानं मराठीत, आमच्या टेबलावर असंच चालतं, इथेही तसंच लिहिणार: स्पेड म्हणजे इस्पिक, हार्ट बदाम, डायमंड चौकट, क्लब किलवर, आणि नो ट्रम्प म्हणजे हुकमाशिवाय. पॉइंट असे: एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १, सगळी गड्डी मिळून ४०. हार्ट-स्पेडची गेम म्हणजे फोरची बोली, १० हात करायचे, नो ट्रम्पची थ्रीला, ९ हात. दोघांचे मिळून २५-२६ झाले की गेम होते असं आपण सगळेच पहिल्या आठवड्यात शिकतो आणि मग पुढे वर्षानुवर्षं त्याच आकड्याशी भांडत बसतो.

ताई नमस्कार. आम्ही चार रिटायर्ड मित्र टीम मॅच खेळायला गेलो होतो. एका बोर्डला आमचे दोघांचे मिळून २५ पॉइंट, वन स्पेड – थ्री स्पेड – फोर स्पेड बोललो, चौकटीची उतारी (पहिलं पान) आली आणि दोन डाऊन, म्हणजे दोन हात कमी. थोड्या वेळाने समोरच्या पेअरने १८ पॉइंटवर फोर स्पेड बोलून आरामात केला. मी पानं लिहून आणलीत. पार्टनर म्हणतो नशीब, सोडून दे. खरंच नशीब का? – एक वाचक, सातारा

पानं लिहून आणलीत हे फार बरं केलंत, नाहीतर लोक नुसतं “माझ्याकडे चौदा होते हो” एवढंच सांगतात आणि त्यावरून काय बोलणार कप्पाळ.

तुमचा डाव आधी बघू. तुमच्याकडे इस्पिक राजा गुलाम ८ ६ ४, बदाम राणी गुलाम, चौकट एक्का ७ ३, किलवर राजा ६ २, झाले १४. पार्टनरकडे इस्पिक एक्का राणी ५ ३, बदाम राजा ४, चौकट ८ ६ ४, किलवर राणी ७ ४ ३, झाले ११. बेरीज २५, अगदी शिकवल्यासारखी. आता बदामाकडे बघा. तुमची राणी-गुलाम आणि समोर राजा, सहा पॉइंट, आणि दोघांकडेही दोनच पानं, म्हणजे तो रंग दोनच वेळा खेळला जाणार, एकदा त्यांचा एक्का घेणार आणि एकदा तुम्ही. सहा पॉइंटांचा मिळून हात एक! त्याऐवजी पार्टनरकडे बदामाचा नुसता एक्का आणि एक फालतू पान असतं आणि तुमच्याकडे दोन फालतू पानं असती तरी हात एकच झाला असता, तोही चार पॉइंटांत. चौकटीत दोघांकडे तीन-तीन, तिथे एक्का सोडून काही नाही, दोन हात सरळ जाणार. किलवरमध्ये राजा इकडे राणी तिकडे, अशी फाटाफूट असली की बहुतेक वेळा दोन हात जातात. हुकमाने मारायला म्हणाल तर कुठे काही नाही, कारण तुमचं दोन तर त्यांचं दोन, तुमचं तीन तर त्यांचं तीन, जवळजवळ आरशात बघितल्यासारखी पानं. चौकटीची उतारी आल्यावर बदाम एक, चौकट दोन, किलवर दोन, पाच हात गेले.

आता त्यांचा डाव. ओपनरकडे (पहिली बोली करणाऱ्याकडे) इस्पिक एक्का राजा ८ ६ ४, बदाम ७, चौकट एक्का राणी ९ ५ २, किलवर ६ ४, म्हणजे १३. समोर इस्पिक राणी दश्शी ५ ३, बदाम ९ ६ ४ २, चौकट राजा ७, किलवर ८ ७ ३, म्हणजे फक्त ५. पण ते अठरा पॉइंट बसलेत कुठे ते बघा की. इस्पिकमध्ये नऊ आणि चौकटीत नऊ, दोन्हीकडे एक्का राजा राणी पूर्ण, आणि तेच त्यांचे लांब रंग. बदाम आणि किलवर मिळून शून्य पॉइंट, आणि तिथे जातात किती, तर बदामाचा एक आणि किलवरचे दोन, कारण त्यानंतर ओपनर मारतो. चौकट तीन वेळा वरून खेळायची, चौथी डमीत (समोरच्या उघड्या पानांत) हुकमाने मारायची, पाचवी आपोआप लागते. हुकमाची बाहेरची चार पानं एकाच हातात बसायची शक्यता १० टक्के, आणि चौकटीची बाहेरची सहा पानं ३-३ किंवा ४-२ अशी पडायची शक्यता ८४ टक्के, तेव्हा ही गेम चांगलीच आहे, नशीब बिशीब काही नाही. तुमच्या पार्टनरना हे दाखवा.

मूळ गोम अशी आहे की ४-३-२-१ चा हिशेब मिल्टन वर्क यांच्या नावाने ओळखला जातो आणि तो आधी वापरात होता तो नो ट्रम्पच्या पानांसाठी, रंगाच्या बोलीत तो सगळीकडे नेला चार्ल्स गोरेन यांनी १९४० च्या दशकाच्या शेवटी, आणि त्यांनीसुद्धा सोबत आखूड रंगांचे वेगळे पॉइंट जोडले होते, एकही पान नसेल तर ३, एकच असेल तर २, दोन असतील तर १. आपण नेमकं तेवढंच विसरतो. पॉइंट हे पहिलं पान उचलल्यावरचे भाव आहेत, पार्टनर बोलला की भाव बदलले पाहिजेत.

बोलीत हे कसं कळणार, हा पुढचा प्रश्न येणारच. त्या पेअरने बहुधा वन स्पेड – टू स्पेड झाल्यावर ओपनरकडून थ्री डायमंड दिला असणार. याचा अर्थ चौकट खेळायचीय असा नाही, “चौकटीत माझी पानं लांब आहेत पण भोकं आहेत, तिथे काही मदत आहे का” असं विचारणं आहे. समोरच्याकडे चौकटीत राजा आणि दोनच पानं, शिवाय हुकूम चार, त्याने पाच पॉइंटांवर डोळे मिटून फोर स्पेड म्हणायचं. त्याच पाच पॉइंटांत राजा किलवरचा असता आणि चौकट ८ ७ ४ अशी असती तर थ्री स्पेडवर परत. आणि तुमच्या डावात? थ्री स्पेडच्या इनव्हाइटनंतर (गेमच्या आमंत्रणानंतर) दुकटी राणी-गुलाम, पाच-तीन-तीन-दोन अशी सपाट पानं, दश्शी नव्वी एकही नाही, अशा चौदावर पास म्हणायला जागा आहे. फोर म्हणालात म्हणून कोणी फाशी देणार नाही, भरपूर लोक म्हणतील. पण मग नशिबाला शिव्या घालू नका.

मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, हॉस्टेलवर मोबाईलवर खेळतो. लूझर मोजायची पद्धत ऐकली, एकदम भारी वाटली, आता पॉइंट मोजणं सोडून देऊ का? – पुणे

सोडू नकोस रे बाबा. पण शिक मात्र नक्की, आणि वरचेच दोन डाव घेऊन शिक.

ही पद्धत १९३० च्या दशकात अमेरिकेत डडली कोर्टनी यांनी लोकांपुढे आणली. प्रत्येक रंगातली पहिली तीनच पानं बघायची आणि त्यात एक्का, राजा, राणी यांपैकी जे नसेल तो एक लूझर, म्हणजे जाणारा हात. रंगात दोनच पानं असतील तर जास्तीत जास्त दोन लूझर, एक असेल तर एक, आणि रंगच नसेल तर शून्य. दोघांचे लूझर मिळवायचे आणि २४ मधून वजा करायचे, आले तेवढे हात. साताऱ्याच्या काकांचं बघ: इस्पिकला एक्का आणि राणी नाही म्हणजे २, बदामाची राणी-गुलाम म्हणजे २, चौकट २, किलवर २, एकूण ८. त्यांच्या पार्टनरचे इस्पिक १, बदाम १, चौकट ३, किलवर २, एकूण ७. पंधरा झाले, चोवीसमधून गेले, राहिले ९. फोर स्पेडला दहा लागतात. आता त्या अठरावाल्यांचं, ओपनरचे इस्पिक १, बदाम १, चौकट १, किलवर २, फक्त ५. डमीचे २, ३, १ आणि ३ मिळून ९. चौदा झाले, उरले बरोब्बर १०.

ओपनिंगच्या साध्या पानांत साधारण ७ लूझर असतात, वनवरून टू म्हणणाऱ्याकडे ९ च्या आसपास, थ्रीचा इनव्हाइट देणाऱ्याकडे ८. म्हणजे टेबलावर पार्टनरची पानं न बघताही हिशेब करता येतो, तो टू म्हणाला तर त्याचे ९ धर आणि तुझे ५ असतील तर गेमकडे बघ, ७ असतील तर गप्प बस.

आता “सोडू नकोस” का म्हणाले ते. हे सगळं हुकूम जमल्यावरचं आहे, दोघांचे मिळून आठ तरी हुकूम पाहिजेत. पार्टनर वन स्पेड म्हणाला आणि तुझ्याकडे इस्पिकचं एकच पान, तर तुझा तो एकपानी रंग ताकद नाही, उलट दोघांचं जमत नसल्याची खूण आहे, आणि तिथे “माझे सहाच लूझर” म्हणत वर चढणारी पोरं मी फार बघितलीत. नो ट्रम्पला ही पद्धत लावायचीच नाही. दुसरं, यात एक्का आणि राणी एकाच मापाने मोजले जातात, जे उघडच चूक आहे, राणी ५ २ अशी एकटी बसलेली राणी कित्येकदा काहीच करत नाही. त्यामुळे तुझ्याकडे एक्के जास्त असतील तर थोडा उदार हो आणि नुसत्या राण्या असतील तर थोडा कंजूस. साताऱ्याच्या डावात हिशेब ९ सांगतो आणि प्रत्यक्षात झाले ८, कारण तीच फुटकळ चित्रं. आधी पॉइंट मोजून ओपन कर, हुकूम ठरला की लूझर मोज, आणि दोन्ही हिशेब भांडायला लागले की पानांकडे नीट बघ.

आमचे हे आणि मी पार्टनर. माझ्याकडे होतं इस्पिक राजा गुलाम ४, बदाम दश्शी ८ ६ ३, चौकट एक्का ७, किलवर ९ ६ ५ २. हे वन हार्ट म्हणाले, उजवीकडची बाई वन स्पेड, मी टू हार्ट, यांनी थ्री हार्ट केलं, मी फोर म्हटलं आणि झालं. पुढच्या आठवड्यात योगायोगाने जवळजवळ तशीच पानं आली. या वेळी उजवीकडे पास, मी टू हार्ट म्हटल्यावर डावीकडून टू स्पेड आला, हे परत थ्री हार्ट, मी परत फोर, आणि दोन डाऊन. घरी येईपर्यंत ऐकून घेतलं. पानं तीच, आठच पॉइंट, मग उत्तर वेगळं कसं? – कोल्हापूर

पानं तीच पण खुर्ची बदलली ना!

पहिल्या वेळी इस्पिक बोलणारी बाई तुमच्या उजवीला होती, म्हणजे इस्पिकमध्ये ती तुमच्या आधी पान टाकणार. एक्का-राणी बहुतेक तिच्याकडे, आणि तुमचे राजा-गुलाम तिच्या डोक्यावर बसलेले. ती राणी टाकेल तर तुमचा राजा, ती खालचं टाकेल तर तुमचा गुलाम. ते चार पॉइंट मी मनात पाच-सहा धरेन. दुसऱ्या वेळी इस्पिकवाला डावीकडे, म्हणजे तुमच्या नंतर पान टाकणारा. आता तोच राजा एक्क्याच्या तोंडात दिलेला आहे. असा राजा दोन पॉइंटांचा सुद्धा नाही, गुलाम तर विसराच. आठाचे झाले सहा.

पण खरी भानगड दुसरीच आहे आणि ती सांगितली की तुमचे मिस्टर माझ्यावर चिडतील. पहिल्या वेळी उजवीकडून वन स्पेडनंतर पुढे विरुद्ध पेअर गप्प होती, तेव्हा यांनी आपणहून थ्री हार्ट केलं, म्हणजे विचारलं, “वरच्या टोकाला आहेस का?” तुम्ही होतात, चार हुकूम, एक्का, दुकटी चौकट आणि मोक्याच्या जागी राजा, फोर म्हणालात, शाबास. (काही जण ही थ्री हार्ट नुसती अडवण्यासाठी खेळतात, तुमच्या घरात काय ठरलंय ते आधी ठरवून घ्या.) दुसऱ्या वेळी मात्र डावीकडून टू स्पेड आला होता. तिथे ते थ्री हार्ट म्हणाले ते फक्त विरुद्ध पेअरला टू स्पेडवर सुखाने खेळू द्यायचं नाही म्हणून, त्यात गेमचं आमंत्रण अजिबात नाही. खरंच गेम विचारायची असती तर त्यांनी मध्ये थ्री क्लब किंवा थ्री डायमंड म्हणायला हवं होतं, त्यासाठी जागा होती. तेव्हा थ्री हार्टवर तुम्ही पास करायला पाहिजे होता हे खरं, पण घरी येईपर्यंत त्यांचं ऐकून घेण्याआधी “आपलं हे कधी ठरलं होतं?” असं त्यांनाही विचारा. पार्टनर नवरा असला की लोक बोली ठरवायचीच विसरतात, सगळं न सांगता समजलं पाहिजे म्हणे.

वन नो ट्रम्प १५ ते १७ खेळतो. पार्टनर टू नो ट्रम्प म्हणाला की १५ ला पास, १७ ला थ्री, पण १६ ला काय? दरवेळी नाणं उडवल्यासारखं होतं. – ठाणे

नाणं उडवू नका, दश्शी-नव्वी मोजा. आमच्या लहानपणी सुट्टीत मेंढीकोट खेळून हात तयार झालेत, दश्शीची किंमत आपल्याला वेगळी सांगायला नको, पण ब्रिजमध्ये तिला शून्य पॉइंट म्हटलं की आपण तिच्याकडे बघणंच सोडतो. दोन सोळा बघा.

एक: इस्पिक राजा राणी ४, बदाम राणी गुलाम ३, चौकट राजा गुलाम ६ २, किलवर एक्का ५ ३.

दुसरा: इस्पिक एक्का दश्शी ४, बदाम राजा दश्शी ९, चौकट एक्का राणी दश्शी ९ ६, किलवर राजा ३.

पहिल्यात एक्का एकच, आकार ४-३-३-३, दश्शी एकही नाही. हा सोळा मी पंधराच समजते आणि पास. दुसऱ्यात दोन एक्के, तीन दश्श्या, पाच पानांची चौकट जी लागली की एकटीच तीन-चार हात देते. हा सोळा नाहीच मुळी, सतरा आहे, कधीकधी तर मी असली पानं सुरुवातीलाच १७ धरते. अनुभवी लोक एक्क्याला चारपेक्षा थोडं जास्त आणि राणी-गुलामाला थोडं कमीच धरतात, ते यासाठीच. राणी-गुलाम लांब रंगात राजा-एक्क्याच्या सोबतीला असले तर काम करतात, आखूड रंगात एकटे पडले की नुसते आकडे.

आणि तुम्ही काय खेळताय हे लिहिलंच नाहीत, त्यावर तर निम्मं उत्तर आहे. टीम मॅच (तोच डाव दुसऱ्या टेबलावरही खेळला जातो) आणि तुम्ही व्हल्नरेबल (बोनस आणि दंड दोन्ही मोठे), तर हिशेब असा: थ्री नो ट्रम्प बोलून केला तर ६००, दुसऱ्या टेबलावर टू बोलून नऊ हात केले तर १५०, फरक ४५०, म्हणजे १० इम्प (टीम मॅचचे गुण) कमावले. आठच हात झाले तर तुमचे वजा १००, त्यांचे अधिक १२०, फरक २२०, गेले ६ इम्प. दहा मिळवायला सहा लावताय, म्हणजे शंभरात ३८ वेळा जरी गेम होत असली तरी बोलायची. एकाच फिनेसवर, म्हणजे एखादं पान उजवीकडे की डावीकडे या ५० टक्क्यांवर उभी असलेली गेम तर सोडायचीच नाही. व्हल्नरेबल नसाल तर ४०० विरुद्ध १५०, फरक २५०, ६ इम्प, आणि गेला तर वजा ५० विरुद्ध १२०, फरक १७०, ५ इम्प, तिथे साधारण ४५ टक्के पाहिजेत. पेअर्समध्ये (जोड्यांच्या स्पर्धेत) मात्र किती फरकाने जिंकलात याला किंमत नाही, नुसतं जास्त की कमी एवढंच, तिथे निम्म्याहून जास्त शक्यता हवी. त्यामुळे मधलाच कुठलातरी सोळा असला, ना पहिल्यासारखा ना दुसऱ्यासारखा, तर टीमला व्हल्नरेबल असताना पुढे जायचं आणि पेअर्सला पास. सोसायटीच्या क्लबात रबर (आधी दोन गेम करायची शर्यत) खेळत असाल तर गेमच्या मागे लागलेलं बरं, अर्धवट स्कोअरवर बसून कोणी रबर जिंकत नाही सहसा.

एक मात्र, पार्टनर किती पॉइंटवर टू नो ट्रम्प म्हणतो ते नक्की विचारून ठेवा. तो आठ ते नऊवर म्हणत असेल तर हे सगळं ठीक. काही धाडसी पार्टनर सातवरच म्हणतात आणि इकडे आपण सोळावर उड्या मारतो, दोघांनी एकाच डावात धाडस केलं की डाव बसत नाही.

मी वन स्पेड, पार्टनर फोर डायमंड, स्प्लिंटर. माझ्याकडे चौकटीत राजा राणी गुलाम ५, एकूण १६ पॉइंट. स्लॅम (१२-१३ हात) बघू ना? – मडगाव

नको. त्याने काय सांगितलंय, हुकूम चार आहेत, गेमपुरती ताकद आहे आणि चौकट फार तर एक. म्हणजे तुमचे चौकटीतले सहा पॉइंट तिथे बसून आहेत जिथे त्यांची गरजच नव्हती, एक हात विरुद्ध पेअरच्या एक्क्याला जाणार तो जाणारच, बाकीचे तो मारणारच होता. अशा वेळी चौकटीतले चित्रांचे दहा पॉइंट सोडून गड्डी ३० ची धरा आणि उरलेल्या तीन रंगांत तुमचे किती ते मोजा. तुमचे निघतात दहा. फोर स्पेड आणि गप्प. तेच सहा पॉइंट किलवरमध्ये असते आणि चौकटीत ८ ६ ४ २ असा कचरा असता, तर फोर नो ट्रम्प म्हणून एक्के विचारायला माझी ना नव्हती.